डावा पाय टेकून

१

शनिवारी सकाळी साडेसहाला नोएमी तळघराचं दार उघडायची, तेव्हा आधी तेलाचा वास यायचा आणि मग दिवा लागायचा. पाच लिटर पेट्रोलच्या कॅनमध्ये शंभर मिली तेल, कॅन दहा वेळा खालीवर, की झाली तयारी. आठवडाभर ती कापडगिरणीत पहिल्या पाळीला मागांचा खडखडाट ऐकायची. शनिवारी तिला स्वतःच्या पसंतीचा आवाज हवा असायचा. टू-स्ट्रोकचा तो आवाज सगळ्या खोऱ्याला ठाऊक होता. खालच्या चर्चमधले पाद्रीबुवा त्याला डब्यात कोंडलेली गांधीलमाशी म्हणत.

मोटरसायकल हलकी, जेमतेम शंभर किलोची. दगडात अडकली तर दोघांनी कान धरून बाहेर ओढावी अशी. इटलीतल्या बेर्गामोच्या वरच्या डोंगरांत जिथे एक बकरी जाईल एवढीच वाट असते, तिथे जड गाडी काय कामाची?

शनिवारी तिघं निघायचे. नोएमी पुढे, कारण वाट शोधण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. मध्ये तिचा धाकटा भाऊ लोरिस, ज्याला धीर म्हणजे काय हे देवाने सांगायचंच सोडलं होतं. शेवटी सावीनो, साठीचा प्लंबर, गुडघ्यात दोन खिळे आणि तोंडात कायम कुणाची तरी टिंगल. पंचायतीने या वाटांवर गाडी चालवायची परवानगी दिली होती ती एका अटीवर. वादळात पडलेली झाडं कापायची आणि वाट मोकळी ठेवायची. म्हणून तिघांच्याही पाठीवर घडीची करवत असे.

बाकी नियम एकच होता, आणि तो त्यांच्या आज्याच्याही आधीपासून चालत आलेला. फाटा आला की थांबायचं. इंजिन चालू ठेवायचं, डावा पाय टेकायचा, मान मागे वळवायची. मागच्याचा दिवा दिसला की हात वर करायचा आणि मगच पुढे जायचं. मागचा दिसेपर्यंत हलायचं नाही, मग पाऊस असो, भूक असो, नाहीतर घरी बाळंतपण असो. या नियमामुळे डोंगरात कुणी हरवत नसे. शेवटच्याला वाट माहीत असायची गरजच नाही, त्याच्यासाठी प्रत्येक वळणावर कुणीतरी थांबलेलं असतं.

"लग्नातसुद्धा एवढी वाट कुणी पाहत नाही," सावीनो म्हणायचा. त्याची बायको वीस वर्षांपूर्वी त्याला सोडून गेली होती, त्यामुळे हा विनोद फक्त त्यालाच करायची मुभा होती.

२

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी ते वादळात पडलेली बीचची झाडं कापायला निघाले होते. वरच्या कड्यावरून एका उभ्या घळीत उतरायचं, खाली ओहोळ ओलांडायचा आणि जंगलातून बाहेर पडायचं, असा नेहमीचा फेरा.

लोरिस घळीत पडला. पडणं रोजचंच होतं. पण या वेळी गाडी त्याच्या अंगावर आली आणि हँडलचं टोक पोटात घुसावं तसं लागलं. रक्ताचा थेंब नव्हता. तो उठून बसला, हसला, म्हणाला, "बघताय काय? उचला की गाडी."

दहा मिनिटांनी त्याचे ओठ पांढरे पडले.

"पोट दुखतंय?" नोएमीने विचारलं.

"पोट नाही गं. डावा खांदा दुखतोय. गंमत आहे, खांद्याला लागलंच नाही."

सावीनोचा चेहरा उतरला. तो नोएमीला बाजूला घेऊन म्हणाला, "आत रक्त वाहतंय त्याच्या. गिरणीतल्या रेन्झोचं असंच झालं होतं. खांदा दुखला की समजायचं."

"रेन्झोचं काय झालं पुढे?"

सावीनोने खिशातून फोन काढला. फोनला रेंज नव्हती, घळीत कधीच नसते. वरून धुकं उतरू लागलं होतं आणि धुक्यात हेलिकॉप्टर येत नाही. घळ चढून मागे जाणं एकट्या गाडीलाही अवघड, माणूस लादून तर नाहीच. आणि पुढे ओहोळापलीकडे पाहिलं तर वादळाने झाडं अशी आडवी पाडली होती की त्यांच्या तीन करवतींना तीन दिवस लागले असते.

"एक जुनी खेचरवाट आहे," सावीनो म्हणाला. "खिंडीवरून सडकेला जाते. तिशीत असताना गेलो होतो एकदा. तीन फाटे लागतात. कुठला कुठे जातो, आज आठवत नाही."

लोरिसची गाडी तिथेच सोडली. त्याला सावीनोच्या मागे बसवलं आणि गाडी ओढायच्या पट्ट्याने दोघांना कमरेला एकत्र बांधलं. नोएमी पुढे झाली. खेचरवाटेच्या तोंडाशी तिने खाली पाहिलं, आणि ओल्या पाल्यावर तिला टायरचा माग दिसला.

एकाच गाडीचा. ताजा. पाला दाबला गेला होता, तो अजून वर यायचा होता.

तिला आधी आनंदच झाला, हे कबूल केलं पाहिजे. म्हणजे पुढे कुणीतरी आहे, माणूस आहे. मग तिच्या लक्षात आलं की सकाळपासून या बाजूला एकही इंजिन ऐकू आलेलं नाही. आणि खेचरवाट इथे, ओहोळाकाठीच सुरू होते. इथे यायला एक तर त्यांच्या घळीतून यावं लागतं, नाहीतर त्या पडलेल्या झाडांवरून उडत.

३

माग सरळ चालला होता. मागच्या टायरच्या उजव्या कडेची रबराची दोन बटणं गायब होती, शेजारशेजारची. दर सहा-सात फुटांवर चिखलात ती रिकामी जागा उमटत होती. नोएमीला वाचायला आवडत नसे, पण टायरचा माग ती पेपरासारखा वाचायची. हा माणूस कुठेही घसरला नव्हता. कुठेही पाय टेकत गेला नव्हता. जिथे तिने डावीकडून घेतलं असतं तिथे त्याने उजवीकडून घेतलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्याचंच बरोबर होतं. भावाचा जीव जात असतानाही तिला त्या चालवण्याचं कौतुक वाटलं, आणि कौतुक वाटल्याची लाज वाटली.

पहिला फाटा आला. माग उजवीकडे वळला होता, पण वळण्याआधी थांबला होता. डाव्या बाजूला चिखलात बुटाचा एक ठसा होता, खोल, टाच मागे दाबलेली. माणूस मान वळवून मागे बघतो तेव्हा टाच तशी दाबली जाते. शेजारच्या डबक्यावर तेलाच्या थेंबाचा रंग अजून पसरत होता. हवेत निळा धूर होता.

ती थांबली. सावीनो दिसेपर्यंत थांबायलाच हवं होतं. तिने डावा पाय टेकला तो त्याच ठशात गेला आणि नेमका बसला. तेवढ्यात पुढे, धुक्यात, एका इंजिनाने आवाज चढवला आणि ते दूर गेलं.

"ओ," ती ओरडली. "थांबा. माणूस जखमी आहे."

इंजिन थांबलं नाही. मागून सावीनो आला. लोरिसचं डोकं त्याच्या पाठीवर कलंडलेलं होतं.

"कुणाला हाका मारतेस?"

"पुढे कुणीतरी आहे. आपल्यासाठी थांबलं होतं."

"डोंगराचा प्रतिध्वनी असतो बाई. तुझाच आवाज तुला परत येतोय."

"आणि हा माग?"

सावीनोने खाली पाहिलं. दोन बटणांची रिकामी जागा त्यालाही दिसली. मग नुसता म्हणाला, "चल."

दुसऱ्या फाट्याशी धुकं क्षणभर विरलं आणि तिला तो दिसला. किंवा दिसली. चाळीस पावलांवर एक गाडी, पाठमोरी. लाल मडगार्ड. डावा पाय खाली. शिरस्त्राण घातलेली मान वळलेली होती, काचेवर फक्त धुक्याचा पांढरा रंग. मग हात वर झाला. तुम्ही दिसलात, असं सांगणारा तो हात. धुकं मिटलं. इंजिन गेलं.

नोएमीच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण ती भीती नव्हती. मोठ्या चर्चमध्ये सगळी वाद्यं एकदम थांबतात तेव्हा तिला जसं व्हायचं तसं ते होतं.

पुढे खिंडीआधी दगडी पायऱ्या लागल्या, गाडीच्या निम्म्या उंचीच्या, ओल्या, शेवाळलेल्या. इथे संपलं, असं तिला वाटलं. दोन माणसं लादलेली गाडी इथून जाणं शक्य नव्हतं. पण मागाला ते ठाऊक असावं. तो पायऱ्यांना शिवलाच नाही. डावीकडे एका कपारीत शिरला, झाडाच्या मुळांवरून तिरका चढला आणि वरच्या सपाटीवर निघाला. समोर उभं राहून पाहिलं तर तिथे वाट दिसतच नव्हती. नोएमी त्या मागावरून गेली. तिच्या मागावरून सावीनो गेला, लोरिसला घेऊन, एकदाही पाय न टेकता.

"तीस वर्षांपूर्वी मी इथून गाडी दोरीने ओढली होती," वर आल्यावर तो म्हणाला. टिंगल करायचं त्याला सुचलं नाही.

४

तिसरा फाटा उतारावर होता. तिथे दगडी कोनाड्यात मेरीमातेची रंग उडालेली मूर्ती होती. उजवीकडे खाली सडक दिसत होती, एक ट्रक जात होता. डावीकडची वाट वर, बीचच्या झाडांत जात होती.

माग डावीकडे वळला होता. तीसेक पावलं वर जाऊन तो झाडांआड गेला होता.

तिथे एक वास होता, तोही नोएमीच्या ध्यानात राहिला. त्यांच्या तेलाचा नव्हे. जाड, गोडसर, एरंडेलाचा. लहानपणी आजोबांच्या कोटाला तो वास यायचा. गाडीत एरंडेल घालणारी माणसं आता नाहीत.

तिने थांबून सावीनोला पुढे घातलं आणि ती उजवीकडे उतरली.

लोरिसची प्लीहा फुटली होती. ती काढून टाकावी लागली. डॉक्टरीणबाई रोखठोक होत्या. "अर्धा तास उशीर झाला असता तर मी तुमच्याशी वेगळं बोलले असते," त्या म्हणाल्या.

रविवारी नोएमीने गाडी धुतली. टायरची सगळी बटणं जागच्या जागी होती. मडगार्ड पांढरं होतं, पहिल्यापासून होतं तसं. हे आपण का तपासतोय, असं तिने स्वतःला विचारलं आणि उत्तर न देता नळ बंद केला. लाल मडगार्डाबद्दल तिने कुणालाच सांगितलं नाही.

सावीनोने आठवडाभर आसपासच्या तिन्ही खोऱ्यांत चौकशी केली. त्या दिवशी तिकडे कुणीही गेलं नव्हतं.

"एरंडेलाचा वास आला होता का रे तुला?" तिने विचारलं.

"आला होता," तो म्हणाला. "आणि हे बघ, लोरिस वाचला. दान दिलेल्या गाईचे दात मोजू नयेत."

५

हिवाळ्यात नोएमीचं मडगार्ड गारठ्याने तडकलं. मार्चमध्ये लोरिस तिच्याकडे जेवायला आला, काखोटीला कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन.

"बायकोने शपथ घातलीय. गाडी बंद," तो म्हणाला. "तिकडून आणली खरी, पण विकतोय. ती जाण्याआधी तुझ्यासाठी हे काढून घेतलं. तुझ्या गाडीला बसेल."

तिने कागद सोडला. मडगार्ड लालभडक होतं.

"तुझं तर निळं होतं ना?"

"ते त्या दिवशी फुटलं नाही का! विकायची म्हणून नवीन लावलं. दुकानात हाच रंग उरला होता. का गं? आवडलं नाही?"

"आवडलं की," नोएमी म्हणाली. ती हसायला लागली आणि जरा जास्तच वेळ हसली. लोरिसने ताटात मक्याच्या पिठाचा पोलेंटा वाढून घेतला, वर चीज ओघळेपर्यंत घातलं, आणि शर्टाखाली हात घालून ऑपरेशनचा व्रण खाजवला. आता तो जेवताना नेहमी तसं करायचा.

मडगार्ड तिने महिनाभर तळघरात ठेवलं. नंतर लावलं. भावाची भेट अशी भिंतीला टेकवून ठेवणं बरं दिसत नव्हतं, आणि लाल रंग जगात एकाच गाडीचा असतो असं थोडंच आहे? कापडगिरणीत तर दिवसाला हजार मीटर लाल कापड निघतं. असा हिशेब तिने बरेच दिवस मांडला.

मेच्या दुसऱ्या शनिवारी एका धारदार खडकावर तिचं मागचं चाक घसरलं. तिने खाली वाकून पाहिलं. उजव्या कडेची दोन बटणं तुटली होती. शेजारशेजारची.

सावीनो मागून आला. त्यानेही पाहिलं. तो माग त्यानेही वाचलेला होता.

"टायर बदल," तो म्हणाला. "आजच बदल. माझ्याकडे पडलाय एक."

"आणि बदलला तर?"

"तर काय? तर काही नाही. झालं ते झालं. लोरिस घरी बसून वजन वाढवतोय. घडून गेलेल्या गोष्टीला आता कोण हात लावणार?"

"घडून गेली, कारण पुढे कुणीतरी होतं. ते कुणीतरी घरी बसलं असतं तर?"

"नोएमी, डोकं ठिकाणावर ठेव."

"तो शेवटचा माग कुठे गेला होता, आठवतं तुला?"

सावीनोला आठवत होतं: डावीकडे, वर, झाडांत. त्याने काढलेले हातमोजे पुन्हा घातले. "मी येतो तुझ्याबरोबर," तो म्हणाला.

"माग एकाच गाडीचा होता रे."

त्या रात्री तिला झोप लागली, याचं तिलाच नवल वाटलं. भीती होती. पण भीतीच्या वर आणखी काही होतं. त्या कपारीतून गेलेली ती रेघ. तशी गाडी आपण चालवू शकतो, हे तिला कुणीतरी आधीच दाखवून ठेवलं होतं.

६

सकाळ लख्ख होती, आणि नोएमी एकटीच निघाली होती. घळीत ऊन होतं, ओहोळाला बर्फाचं पाणी होतं. खेचरवाटेच्या तोंडाशी तिने खाली पाहिलं. वाट कोरी होती, तिच्यावर कसलाही माग नव्हता.

पहिल्या फाट्यावर ती थांबली. इंजिन चालू, डावा पाय चिखलात, मान मागे. पाखरं ओरडत होती. एक मिनिट गेलं, पाच गेली. आपण मूर्ख आहोत, असं तिला वाटलं आणि फार बरं वाटलं. अडतीस वर्षांची बाई रिकाम्या जंगलाकडे बघत बसली आहे. दुपारी सावीनोला सांगू, तो वर्षभर पुरवून पुरवून हसेल.

मग खालून आवाज आला. दोन इंजिनं. एक ओझ्याने कण्हणारं, दोन माणसं लादलेलं. आणि त्याच्या पुढे दुसरं. त्या दुसऱ्याचा आवाज ती गाढ झोपेतही ओळखू शकली असती, कारण तो या क्षणी तिच्या दोन गुडघ्यांमध्ये चालू होता.

खालच्या वळणावर ऊन नव्हतं. तिथे पाला ओला होता, ऑक्टोबरासारखा लाल, आणि झाडांमधून धुकं वर येत होतं. धुक्यात एक दिवा लागला. तिने आवाज चढवला आणि निघाली. मागून कुणीतरी हाक मारली. "थांबा. माणूस जखमी आहे." स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला की किती पोरका वाटतो, हे तिला तेव्हा कळलं. थांबावं, मागे जावं, त्या बाईला सांगावं की तो वाचतो गं, रडू नकोस. पण थांबली असती तर वाट कुणी दाखवली असती?

दुसऱ्या फाट्यावर धुकं विरलं तेव्हा तिने हात वर केला. चाळीस पावलांवर पांढरं मडगार्ड होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

पायऱ्यांशी ती न थबकता कपारीत शिरली. मुळं, तिरका चढ, सपाटी. एकदाही घसरली नाही. वर आल्यावर तिच्या मनात आलं की ही रेघ आपल्याला त्या मागाने शिकवली, आणि तो माग तर आत्ता आपण उमटवला. मग ती पहिल्यांदा शोधली कुणी? एवढी खूश ती आयुष्यात कधी झाली नव्हती.

तिसरा फाटा आला. कोनाड्यातली मूर्ती, खाली सडक. इथे उजवीकडे वळून सरळ घरी गेलं तर? पण मागच्यांना वाट मोकळी हवी होती, आणि माग डावीकडे गेला होता हे तिला पक्कं ठाऊक होतं. तीसेक पावलं वर जाऊ, झाडांआड थांबू, ते उतरून गेले की फिरू. इतकंच.

ती वर जाऊन थांबली. खालून दोन्ही इंजिनं आली. एक क्षण थबकली. मग उजवीकडे उतरत गेली, सडकेकडे, डॉक्टरीणबाईंकडे, मार्चच्या पोलेंटाकडे. आवाज मावळला. लोरिस वाचला होता. आता खरंच वाचला होता.

तिने गाडी फिरवायला जागा पाहिली, आणि तिला एरंडेलाचा वास आला.

वर, वळणावर, एक गाडी उभी होती. तशा घडणीची गाडी तिने फक्त आजोबांच्या फोटोत पाहिली होती. इंजिन चालू होतं, निळा धूर झाडांमध्ये साचला होता. साचायला बराच वेळ लागला असणार. गाडीवर बसलेल्या माणसाचा डावा पाय जमिनीला टेकलेला होता आणि मान मागे, तिच्याकडे वळलेली होती. त्याच्याही पलीकडे, आणखी वरच्या वळणावर, एक दिवा होता. त्याच्या वर आणखी एक.

नोएमीने मागे वळून पाहिलं. मागे वाट रिकामी होती. तिच्या मागे कुणी येत नव्हतं. म्हणजे शेवटची तीच होती, आणि हे सगळे तिच्यासाठी थांबले होते.

वरच्या माणसाने हात वर केला.

तिने पाय उचलला आणि पहिला गिअर टाकला.